मासा टेकाड चढत नाही

वऱ्हाडाला समुद्र नाही. खारट पाणी आम्हाला ठाऊक आहे ते पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं. तरीही कोकणच्या खाड्यांतल्या कालवांविषयी वाचताना माझं मन पूर्णेच्या रेतीत अर्धवट रुतलेल्या काळपट शिंपल्यांकडेच वळतं.

कालवाचं बालपण तरंगतं. नर-मादीचं बीज उघड्या पाण्यातच भेटतं. त्यातून निघालेली इवली पिलं दोन-तीन आठवडे प्रवाहासोबत हिंडतात आणि मग खडकाला अशी चिकटतात की जन्मभर जागा सोडत नाहीत. खुल्या समुद्रात ती लांब जातात. तोंड अरुंद असलेल्या खाजणात मात्र बरीचशी तिथंच घुटमळतात. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की शेजारच्या दोन उपसागरांतली कालवंही आतून निराळी होत जातात, कवचावर काही दिसो न दिसो. युरोपात ज्याला दीर्घकाळ ‘पोर्तुगीज’ कालव म्हणत, त्याची जनुकं तपासली तेव्हा ते मुळात तैवानकडचं निघालं. जहाजांसोबत आलेल्या त्या पाहुण्याचं गाव लोक विसरले होते. त्याची जनुकं विसरली नव्हती.

नदीतल्या शिंपलीला तरंगणं परवडत नाही. एका पुरात तिचा सगळा वंश खाली वाहून जाईल. म्हणून तिची सूक्ष्म पिलं माशाच्या कल्ल्यांना धरून बसतात, तिकीट न काढता एसटीत बसलेल्या पोरांसारखी, आणि वाढ झाली की नव्या रेतीत उतरतात. मासा जाईल तिथवर शिंपलीचा मुलूख. आणि मासा टेकाड चढत नाही.

अमरावती जिल्ह्यात दोन खोऱ्यांमधलं हे टेकाड डोळ्यांना जाणवतही नाही. कपाशी-तुरीच्या शिवारातला एखादा हलका चढ, बस. पण त्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस पेढी नदीतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि अरबी समुद्रात जातो. पूर्वेला पडलेला वर्धेत, पुढे गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. तापी, पूर्णा, वर्धा तिघींचं माहेर एकच, बैतूल जिल्हा. एकाच माहेरच्या नद्या दोन समुद्रांना दिल्या गेल्या. पूर्णेच्या शिंपलीला वर्धेच्या शिंपलीकडे जायची पाण्याची वाटच उरली नाही. दोघींमध्ये मोजकेच तालुके आहेत, पण त्यांच्या हिशेबात दोन समुद्रांचं अंतर.

हे अंतर आता माणूस मिटवतो आहे. सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं पाणी नळातून अमरावतीत येतं. धरणाधरणांत रोहू-कटल्याचं बीज दुसऱ्या खोऱ्यांतून आणून सोडलं जातं. आणि २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेला वैनगंगा-नळगंगा जोडकालवा गोदावरी खोऱ्यातल्या गोसीखुर्द धरणाचं पाणी सव्वाचारशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवत बुलढाण्यापर्यंत आणणार आहे. त्या पाण्यातून मासे येतील, माशांच्या कल्ल्यांना लागून पूर्वेकडच्या शिंपल्यांची पिलंही येऊ शकतील.

पाणी येऊ नये असं म्हणायची माझी छाती नाही. भेगाळलेल्या काळ्या रानात उभ्या माणसाला शिंपलीचं कुळ सांगणं क्रूरपणाचं आहे. पण तुटलेपणाने जे घडवलं, त्याचंही मोल आहे. एका पाण्यातला वंश रोगाने वा उष्म्याने खचला, तर तगून राहण्याचा गुण कदाचित दुसऱ्या पाण्यातल्या वंशाकडे असतो. अकोल्याचं कृषी विद्यापीठ कपाशी-ज्वारीचे वाण वेगवेगळे जपतं, ते याच शहाणपणाने.

तेव्हा कालव्याच्या आराखड्यात उतार, लांबी, खर्च यांच्या शेजारी एक रकाना शिंपल्यांचाही असावा. खोदाईआधी दोन्ही खोऱ्यांतल्या मूठभर शिंपल्यांचे नमुने घ्यावेत, जनुकं वाचावीत, नोंद ठेवावी. खर्च किरकोळ आहे, पण मुहूर्त टळून चालणार नाही: पाणी एकदा मिसळलं की आधी काय वेगळं होतं, हे नदीही सांगू शकत नाही.