मधली रिळे

परवा रात्री आमच्या चिरंजीवांनी मला जाँ-ल्यूक गोदारचा १९६० सालचा ‘ब्रेथलेस’ दाखवला. पॅरिसच्या रस्त्यांतून एक उघडी मोटार चालली होती. पुढे बसलेली तरुणी कॅमेऱ्याला पाठमोरी. शेजारच्या तरुणाची बडबड अखंड चालू. तिच्यापुढचा रस्ता मात्र क्षणोक्षणी टुणकन उडी मारी.

“इंटरनेट अडकले वाटते,” सौ. स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

“अगं आई, याला जंप कट म्हणतात!” चिरंजीवांनी कपाळाला हात लावला.

मी पडलो मराठीचा मास्तर. मला त्यात व्याकरण दिसले. जुन्या चित्रपटांत एक दृश्य विरत विरत दुसरे उमटे, म्हणजे जणू ‘आणि’, ‘त्यानंतर’. कात्री लागल्याचे प्रेक्षकाला कळू नये, हा संकलकाचा धर्म. गोदारचा चित्रपट आधी फार लांबला होता. तेव्हा प्रसंगच्या प्रसंग वगळण्याऐवजी त्याने प्रसंगांच्या पोटातलेच तुकडे कापले आणि कात्री उघडी पडू दिली. चित्रपट दीड तासाचा झाला, आणि ती उडी जगभर गाजली.

अंथरुणावर पडल्यावर मात्र मला वडील दिसू लागले. पहिले चित्र : एस. टी. स्टँडवर खिडकीतून माझ्या हाती लाडवांचा डबा देणारे, ताठ. लगेच दुसरे : दाराची चौकट धरून उभे, सदरा खांद्यावरून ओघळलेला. मध्ये सात वर्षे!

त्या सात वर्षांत मी गावी गेलो नाही असे नाही. दर दिवाळीला दोन दिवस जात होतो. पण बरोबर पेपरांचा गठ्ठा असे. वडील बोलत, मी मान खाली घालून ‘हूं’ म्हणे. त्यांच्या हाती काठी कधी आली, मला सांगता येत नाही. गोदारने कापण्यापूर्वी निदान चित्रण तरी केले होते. माझ्यापाशी ती मधली रिळेच नाहीत, आणि आता ती कोठून आणणार?

आई अजून गावी आहे. यंदा गठ्ठा इथेच ठेवून आठ दिवस राहायचे ठरवले आहे. सौ.ला सांगितले, तर तिला नवलच वाटले.

“आठ दिवस करणार काय तिथे?”

“काही नाही,” मी म्हटले. “आई करंज्या लाटील, मी बघत बसेन.”