दावणीला कोण ठेवायचं

शेळीपालनात अवघड काय, असं विचारलं की लोक चारा सांगतात, पाणी सांगतात, पीपीआरची साथ सांगतात. मला सगळ्यात अवघड वाटतं ते पिल्लं तीन महिन्यांची झाल्यावर. कोण ठेवायचं, कोण विकायचं, हे तेव्हा ठरवावं लागतं. चाऱ्याचं गणित हुकलं तर एक हंगाम जातो. निवड हुकली तर ती दावणीला पाच-सात वर्षं उभी असते आणि तिच्या पोटी तसल्याच आणखी येतात.

वैजापूर तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे, नांदूर मधमेश्वरचा कालवा आहे, ऊस आहे. आमचं शेत उत्तरेला, शिऊरच्या बाजूला. इकडे उन्हाळा लागायच्या आत विहीर तळाला जाते. जनावर ठेवायचं तर बाभळीच्या शेंगांवर, बोरीच्या पाल्यावर निभावणारं हवं. तालुक्याच्या पूर्वेकडून काळी उस्मानाबादी येते, पश्चिमेकडून संगमनेरी, आणि मधल्या गावांत दोघींची सरमिसळ. मी उस्मानाबादी धरली, कारण ती जुळी देते आणि उन्हात चरायला कंटाळत नाही. जातीचा प्रश्न एवढ्यावर संपतो. खरं काम जातीच्या आत आहे. एकाच गोठ्यातल्या दोन काळ्या शेळ्यांमध्ये जो फरक असतो, तो दोन जातींमधल्या फरकाहून मोठा असू शकतो.

आता व्यापाऱ्याचं बघा. तो दारात येतो आणि नजर थेट सगळ्यात दांडग्या बोकडावर टाकतो.

"ताई, हा देऊन टाका. ईदपर्यंत दोन दाती होईल, आत्ताच चांगले पैसे देतो."

"भाऊ, तो ठेवायचाय. बाकीचे बघा."

हे 'बाकीचे बघा' म्हणणं घरात पैशाची नड असताना किती जड जातं, ते शेळ्या पाळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. गावोगाव नेमकं उलटं होतं. वाढीला चांगले बोकड आदत असतानाच बाजारात जातात, कारण त्यांनाच गिऱ्हाईक असतं. मागे उरतो तो कुणी न घेतलेला किरकोळ बोकड, आणि वर्षभर सगळ्या शेळ्या तोच लावतो. एका बोकडामागे पंचवीस-तीस शेळ्या, म्हणजे गोठ्यातल्या प्रत्येक पिल्लात अर्धं रक्त त्याचं. दहा-बारा वर्षं असं चाललं की लोक म्हणतात, पूर्वीसारख्या शेळ्या राहिल्या नाहीत.

मग दांडगा दिसेल तो राखून ठेवला की झालं? नाही. इथे डोळा फसतो. तीन महिन्यांच्या पिल्लांत सगळ्यात दांडगं बहुतेक वेळा एकटं जन्मलेलं असतं. आईच्या दोन्ही सडांचं दूध एकट्यानं प्यायलेलं. त्याच्या शेजारी जुळ्यातलं करडू किलोभर हलकं भरतं आणि नजरेत मार खातं. दरवर्षी नुसत्या अंगानं मोठा बोकड ठेवत गेलात तर नकळत एकेकटी पिल्लं देणाऱ्या आयांची मुलं निवडत जाता, आणि ज्या जुळ्यांसाठी उस्मानाबादी घेतली तीच हळूहळू कमी होतात. म्हणून माझ्या वहीत वजनाच्या आधी एक रकाना आहे: एकटं, जुळं की तिळं. जुळ्यांची तुलना जुळ्यांशीच. पिल्लू झोळीत घालून काट्याला अडकवते, जन्माच्या दिवशी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, आईचा नंबर, वेत कितवं, हेही तिथंच लिहिते.

बोकड निवडायचा तर आधी त्याची आई निवडते. पहिल्या वेताला एकच पिल्लू झालं म्हणून शेळीवर शिक्का मारायचा नाही, पहिलटकरणीचं तसं होतंच. जुळं देण्याचा गुण रक्तातून थोडाच उतरतो. माजाच्या वेळी शेळीच्या अंगावर मांस होतं की नाही, यावर पुष्कळसं ठरतं. म्हणूनच शेळ्या लावायच्या आधी दोन-तीन आठवडे मूठभर मका जास्त घालतात. तीन-चार वेतांची नोंद असेल तरच शेळीबद्दल बोलता येतं.

कास मात्र हातानंच बघावी लागते. दूध काढायच्या आधी सगळ्याच कासा भरदार दिसतात. काढून झाल्यावर बघायचं. चांगली कास मऊ पडते, कातडी सैल होऊन चुण्या पडतात. मांसल कास काढल्यावरही जवळजवळ तेवढीच राहते. दिसायला मोठी, दुधाला कमी. सड दोनच हवेत, सारख्या लांबीचे, आणि नुकत्या जन्मलेल्या करडाच्या तोंडात मावतील एवढेच जाड. जाड बाटलीसड असले की अशक्त पिल्लू धडपडतं, पहिला चीक वेळेवर पोटात जात नाही, आणि जुळ्यातलं एक पहिल्या दोन दिवसांतच जातं. बोकडाच्या आईत ही खोड असेल तर तो कितीही देखणा असो, मी ठेवत नाही, कारण ती त्याच्या पाटींच्या कासेत उतरते.

लांब कान, पांढरा ठिपका, वळणदार शिंगं यांनाही किंमत येते, हे मला माहीत आहे. पण वीस शेळ्यांच्या मागे वर्षाला चार-पाच पाटी ठेवायच्या असतात. त्यातली एक कानासाठी ठेवली की दुधाची एक जागा गेली.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं मेंढीत जे केलं, ते या कामातल्या चिकाटीचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं उदाहरण आहे. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. सुंदरबनातली गरोळ मेंढी अंगानं अगदी लहान, पण जुळी-तिळी देणारी, कारण तिच्यात फेक-बी नावाचं जनुक आहे. संस्थेनं ते जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि पुन्हा पुन्हा दख्खनीशीच संकर करत अंगाचा आकार परत मिळवला. त्यातून सुवर्णा मेंढी झाली. एक गुण आणायचा आणि बाकीचे हातचे जाऊ द्यायचे नाहीत, हे एका पिढीत होत नाही. याच संस्थेनं 1993 मध्ये बोअर शेळीही भारतात आणली, गोठवलेल्या भ्रूणांतून. बोअरचा संकर वजनाला झपाट्यानं वाढतो, पण त्याला भरपूर खायला लागतं. कालव्याखालच्या शेतकऱ्यानं तो जरूर करावा. माझ्या माळावर मी करणार नाही.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात रॉबर्ट बेकवेल नावाचा शेतकरी आपले मेंढे विकण्याऐवजी शेजाऱ्यांना हंगामापुरते भाड्यानं देत असे. मेंढ्याची पिल्लं वेगवेगळ्या शेतांवर कशी निघतात हे त्याला फुकट बघायला मिळे, आणि सरस ठरलेला मेंढा घरी परत आणता येई. आमच्याकडे बोकड बदलायचाच असतो. आज लावलेल्या शेळीची पाट सव्वा-दीड वर्षात स्वतः माजावर येते, आणि बाप तोच दावणीला असला तर नातं आड येतं. म्हणून मी येवल्याकडच्या एका पाळणाऱ्याशी अदलाबदल ठरवली आहे. माझा बोकड तिकडे, त्याचा इकडे, पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत, पण पिल्लांची वजनं एकमेकांना कळवायची. यंदा माझ्या बोकडाची तिकडची जुळी त्याच्याच माझ्याकडच्या आधीच्या जुळ्यांपेक्षा भारी निघाली. बोकड तोच, मग फरक तिकडच्या शेळ्यांचा की चाऱ्याचा? दिवाळीनंतर जाऊन तिकडच्या शेळ्यांच्या कासा बघणार आहे, दूध काढून झाल्यावर.