करावे मनाचे

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे.’ शेवटी मनाचंच करायचं, तर आधी ऐकण्याचा सोपस्कार कशाला? सल्ला देणाऱ्याचा मान राहावा म्हणून? घरातल्या वडीलधाऱ्यांना ही म्हण आठवते ती बहुधा सांगून सांगून दमल्यावर. तेव्हा तिच्यात परवानगी कमी आणि हात झटकणं जास्त असतं.

अ‍ॅलिस्टर क्राउली या इंग्रज गूढविद्यावादी गिर्यारोहकानं म्हणीचा पहिला अर्धा भाग खोडूनच टाकला. 1904 च्या एप्रिलमध्ये कैरोत लागोपाठ तीन दिवस, भर दुपारी तासभर, आयवास नावाच्या आवाजानं आपल्याला एक ग्रंथ सांगितला, असा त्याचा दावा. त्यात तर्काला शाप आहे आणि कायदा एकच, स्वतःच्या इच्छेचा. मात्र लहर म्हणजे इच्छा नव्हे, असंही क्राउली बजावतो. खरी इच्छा शोधायची, रोजच्या साधनेची नोंदवही ठेवायची. सिसिलीतल्या चेफालूच्या त्याच्या मठात तर ‘मी’ हा शब्द तोंडून निसटला की वस्तऱ्यानं हातावर चीर. बंडखोराच्या घरी ही शिस्त!

पण मी अडकतो कांचनगंगेवरच्या त्याच्या तंबूपाशी. 1905 सालची मोहीम, म्होरक्या क्राउली. 1 सप्टेंबरच्या संध्याकाळी त्याला कंटाळलेले सोबती खाली निघाले. इतक्या उशिरा उतरू नका, असं आपण सांगितलं होतं, हे त्याचं म्हणणं. बर्फ कोसळलं. अलेक्सिस पाश आणि तीन हमाल गाडले गेले. हाका येत होत्या, क्राउली तंबूतून हलला नाही. अशा अपघातांबद्दल आपल्याला सहानुभूती नाही, असं त्यानं पुढे वर्तमानपत्रात लिहिलं.

त्या संध्याकाळी तर्काच्या बाजूनं तोच होता, ही यातली गंमत. (गंमत हा शब्द बरा नाही, पण राहू दे.) सोबत्यांनी ऐकलं त्याचं, केलं मनाचं. आणि हमाल? मजुरीवर आलेल्यांच्या वाट्याला म्हणीचा पहिलाच भाग येतो. दुसरा त्यांना विचारलाच कुणी?

सगळा दोष त्या ग्रंथावर ढकलून मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही. ते हस्तलिखित त्यानं तेव्हा बाजूला टाकलेलं होतं, ते थेट 1909 पर्यंत. म्हणजे तंबूत बसून राहायला त्याला ग्रंथ लागला नाही. मग पुढे तो त्यानं उराशी धरला, तो त्या रात्रीचं समर्थन म्हणून? तसं म्हणावं, तर लिहून झाला होता आधीच.