लोहगडाचें कोठार आणि कुणबिणी

लोणावळ्याची हवा व चिक्की यांपलीकडचें मावळ पाहावयाचें असेल, तर मळवली स्टेशनावर उतरून भाज्यावरून लोहगडाची वाट धरावी. चढतां चढतां गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे लागतात. त्यांपैकीं नारायण दरवाजा नाना फडणविसांनीं बांधविला. तेथील भुयारांत भात व नाचणी सांठवीत. तें पाहून प्रवासी नानांच्या दूरदृष्टीची वाखाणणी करितो. परंतु गडोगडींचें असें धान्य कांडलें-दळलें कोणीं, हा प्रश्न त्यास क्वचितच सुचतो.

पेशवाईच्या दप्तरांत त्याचें उत्तर आहे. किल्ल्यांवर, कोठ्यांत, पागांत आणि सरदारांच्या वाड्यांत ‘कुणबिणी’ राबत. त्या सरकारच्या किंवा घरधन्याच्या मालकीच्या दासी होत. वास्तविक कुणबीण म्हणजे कुणब्याची शेतांत खपणारी बायको. तिचेंच नांव विकत घेतलेल्या दासीस लागावें, यांत पुष्कळ कांहीं आलें.

ही दशा येई कशी? कोणी स्वारींत धरलेली, कोणी दुष्काळांत पोटासाठीं विकलेली, कोणी व्यभिचाराच्या आरोपावरून गडावर कामास धाडलेली, तर कोणी दासीच्याच पोटीं जन्मलेली. मनुस्मृतींतील सात प्रकारच्या दासांत या साऱ्या वाटा सांपडतात; नारदस्मृतींत प्रकार पंधरांवर गेले आहेत. तलवारीनें व भुकेनें जें घडविलें, त्यास शास्त्रानें नांवें दिलीं. आणि नांव मिळालें कीं अन्यायाची वहिवाट होते.

समर्थन मात्र अगदीं घरगुती असे. आम्ही तिला अन्नवस्त्र देतों. आमच्यावांचून ती उपाशी मरेल. तिनें पाप केलें, तें ती फेडीत आहे. ग्रीसमध्यें ॲरिस्टॉटलनेंही कांहीं माणसें स्वभावतःच दास्यास योग्य असतात, असें प्रतिपादिलें. पण पोसणें हाच हेतु असता, तर एकीस सोडण्यासाठीं बदली दुसरी बाई कां घेतली जाई? दप्तरांत अशा नोंदी आहेत.

‘काळच तसा होता’ हें म्हणणेंही पुरें पडत नाहीं. १६७७ सालीं कर्नाटकाच्या स्वारींत शिवाजी महाराजांनीं डच व्यापाऱ्यांस दिलेल्या कौलांत गुलामांच्या खरेदी-विक्रीस मनाई केली होती. शंभर वर्षांनंतरच्या पुण्यास ती आठवण राहिली नाहीं.

१८१८ सालीं लोहगड इंग्रजांकडे गेला. १८४३ च्या कायद्यानें दासावरील मालकी कोर्टांत चालेनाशी झाली, आणि १८६२ पासून अंमलांत आलेल्या पीनल कोडानें माणसाची विक्री गुन्हा ठरली. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील लोकांस अर्पण केलें. वेठबिगारी कायद्यानें बंद व्हावयास तर १९७६ साल उजाडलें. आणि त्यानंतरही घाटाखालच्या वीटभट्ट्यांवर उचलीपायीं अडकलेलीं कातकरी कुटुंबें आढळलीं.

‘आम्हीच त्यांना पोसतों’ हें वाक्य आपल्याही घरांत राबणाऱ्या माणसांविषयीं सहज निघून जातें. तें ओठांवर येईल तेव्हां नारायण दरवाजाचें भुयार आठवावें, आणि दाणा भरणारा व दाणा कांडणारी यांत कोण कोणास पोशीत होतें, याचा विचार करावा.