परतीच्या तिकिटाचा उन्हाळा

१९९० साली बोईसरचा एखादा मुलगा शिकायला इटलीला निघाला, की निम्मी आळी त्याला पोचवायला सहार विमानतळापर्यंत यायची. मी निघालो तेव्हा ओळखीच्या टेम्पोत आई-बाबा, दोन आत्या, शेजारचे काका आणि तारापूर अणुवीज केंद्राच्या, म्हणजे टॅप्सच्या, कॉलनीतले बाबांचे मित्र दाटीवाटीने बसले होते. गळ्यात झेंडूचा हार, हातात नारळ आणि बॅगेत आईने कोंबलेली शेंगदाण्याची चटणी. परवा परवा माझी भाची इटलीतल्याच पदुआला एम.एस्सी. करायला निघाली, तेव्हा तिने मोबाइलवरून टॅक्सी बोलावली आणि आम्हाला सगळ्यांना घरीच थांबवलं. “मामा, उगाच कशाला टोल भरतोस?” चटणी मात्र तिच्याही बॅगेत होती, व्हॅक्यूम पॅक केलेली.

मी गेलो होतो त्रिएस्तेला. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, एड्रियाटिक समुद्रावर वसलेलं हे बंदर. तिथे अब्दुस सलाम यांनी १९६४ साली सैद्धांतिक भौतिकीचं आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू केलं. भौतिकीवाले त्याला आयसीटीपी म्हणतात. सलाम मूळचे आजच्या पाकिस्तानातल्या झंगचे. केंब्रिजहून शिकून ते लाहोरला शिकवायला परतले, तर तिथे नवं संशोधन वेळेवर पोचायचं नाही, बोलायला त्या विषयातलं कुणी नाही, आणि वर कॉलेजच्या फुटबॉल संघाची जबाबदारी. १९५४ साली त्यांना पुन्हा केंब्रिज गाठावं लागलं. विज्ञान की देश, हा पेच पुढच्यांवर येऊ नये, म्हणून त्यांनी हे केंद्र उभारलं. गरीब देशातल्या संशोधकाने आपल्या गावीच नोकरी करावी, मधूनमधून काही आठवडे इथे यावं, ताजंतवानं होऊन परत जावं. तिकीट, राहणं, खाणं केंद्राकडे. ते तिकीट परतीचं असायचं, आणि सगळी योजना त्या ‘परतीच्या’वरच उभी होती.

भाचीच्या जाण्याची तयारी मी जवळून पाहिली. तिथली प्रादेशिक शिष्यवृत्ती घरच्या उत्पन्नावर ठरते. त्यामुळे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, त्यावर अपोस्टिलचा शिक्का, त्याचं इटालियन भाषांतर, अशी वरात निघाली. माझ्या वेळी आमचा जिल्हा ठाणे, त्यामुळे कुठल्याही कागदासाठी दिवस मोडून ठाण्याला जावं लागे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि सरकार अर्ध्या तासावर आलं. लोकलही २०१३ पासून डहाणूपर्यंत धावते. आम्ही विरारला उतरून शटलची वाट बघत ताटकळायचो. इतकं सगळं सोपं झालं, तरी तिच्या बाबांनी शेवटी बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलंच. मला केंद्राने बोलावलं होतं, तिला प्रवेश घ्यावा लागला, हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला.

पैशाची गंमत मात्र आमच्याच काळात होती. खर्चाचे पैसे लिऱ्यात मिळायचे, आणि लिऱ्यात बोईसरचा विद्यार्थीसुद्धा लक्षाधीश. हजार लिऱ्याचे साधारण पंधरा रुपये. तेवढ्यात उभ्याने घ्यायची एक छोटी कॉफी. आता युरो आहे, कॉफी सव्वा युरोच्या आसपास, म्हणजे सव्वाशे रुपये. भाचीने पहिल्याच महिन्यात हिशेब करणं सोडून दिलं. “रुपयात मोजलं तर कॉफी घशाखाली उतरत नाही,” म्हणाली.

घरी फोन म्हणजे आमच्यासाठी चैन होती. तिथल्या सार्वजनिक फोनला जेत्तोने नावाची टोकनं लागत. परदेशी फोन लावला की ती भराभर आत जायची, आणि इकडे शेजारचे काका आईला बोलवायला धावेपर्यंत निम्मी संपलेली असायची. म्हणून पत्रं. निळ्या एअर लेटरच्या कडांपर्यंत लिहायचं आणि उत्तर येईपर्यंत विचारलेला प्रश्न विसरून जायचा. भाची रोज जेवताना व्हिडिओ कॉल लावते. तिच्या खोलीत कुठली खिडकी कुठे आहे, हे तिच्या आजीला पाठ आहे. माझ्या त्रिएस्तेच्या खोलीबद्दल आईला एवढंच माहीत होतं, की खिडकीतून समुद्र दिसतो.

तो समुद्र पाहून मी थोडा हिरमुसलो होतो. चिंचणीच्या लांबलचक वाळूची सवय. इथे बारकोलाच्या रस्त्याकडेला माणसं चक्क सिमेंटच्या फुटपाथवर टॉवेल पसरून ऊन खात पडलेली. पण बाजारात तारली दिसली, आपली तारलीच, आणि परकेपण बरंच कमी झालं.

त्या उन्हाळ्यात इटलीत फुटबॉलचा विश्वचषक होता. ८ जूनला मिलानमध्ये कॅमेरूनने जगज्जेत्या अर्जेंटिनाला हरवलं, तेव्हा टीव्हीच्या खोलीत नायजेरियाचे, बांगलादेशचे, पाकिस्तानचे, चीनचे आम्ही सगळे भौतिकीवाले एका सुरात ओरडत होतो. उपांत्यपूर्व फेरीत कॅमेरून इंग्लंडकडून हरलं, त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही. पुढे बाबांचं पत्र आलं, की दूरदर्शनवर त्यांनीही कॉलनीत बसून तोच सामना पाहिला. लाहोरचा एक मित्र आणि मी रात्री समुद्राकाठच्या कठड्यावर बसून हिंदी-उर्दूत गप्पा मारायचो. भाचीच्या घरात तिच्याबरोबर पुण्याची, हैदराबादची आणि इंदूरची अशा तिघी मुली राहतात. घरात डाळ-भात शिजतो, बाहेरचं जग बाहेर राहतं.

ओळख करून देताना बोईसर कुणाला कळायचं नाही. तारापूर म्हटलं की माना वर व्हायच्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने तारापूरचं इंधन अडवलं, पुढे ते फ्रान्सने दिलं. या भांडणामुळे आमचं गाव जगभरच्या वर्तमानपत्रांत गाजलेलं. एका इटालियन अभियंत्याने मला सांगितलं, की तारापूरचं एक थोरलं भावंड त्यांच्याकडे आहे. रोम आणि नेपल्सच्या मधे गारिल्यानो नदीकाठी. जनरल इलेक्ट्रिकनेच बनवलेली, पाणी थेट उकळवणारी तशीच अणुभट्टी. तिथून १९६४ साली वीज सुरू झाली; त्याच वर्षी भारताने तारापूरचा करार केला. गारिल्यानो १९७८ मध्ये बिघाडाने थांबली ती पुन्हा सुरू झालीच नाही. चेर्नोबिलनंतर १९८७ साली इटलीच्या लोकांनी अणुऊर्जेविरुद्ध कौल दिला, आणि उरलेल्या भट्ट्याही १९९० पर्यंत कायमच्या बंद झाल्या. बाबांनी ज्या कामावर आमचं घर चालवलं, ते काम एका प्रगत देशाने मतपेटीतून नाकारलं होतं. मी हे त्यांना पत्रात कळवलं. उत्तर आलं: “आमची चालू आहे. तू जेवतोस ना वेळेवर?” आता इटलीचं सरकार पुन्हा अणुऊर्जेकडे वळण्यासाठी कायदा करू पाहतंय. बाबा असते तर त्यांनी हे कॉलनीत घरोघरी जाऊन सांगितलं असतं.

अभ्यासाचं बोलायचं तर मी तिथे शिकलो त्यापेक्षा जास्त झेरॉक्स काढल्या. ग्रंथालयात जगभरातून आलेल्या छापपूर्व शोधनिबंधांच्या चवडी असत. आपल्याकडे यातलं काहीच पोचणार नाही, हे माहीत असल्यामुळे प्रत्येक जण वेड्यासारख्या प्रती काढायचा. परतताना माझे निम्मे कपडे मागे राहिले आणि बॅग कागदांनी भरली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९१ मध्ये, अर्काइव्ह नावाचा निबंधसाठा सुरू झाला आणि तसे निबंध संगणकावर फुकट मिळू लागले. आज त्रिएस्तेतली व्याख्याने यूट्यूबवर असतात. मी शिकवतो त्या वर्गातला सातपाटीचा मुलगा ती मच्छीबाजाराच्या ओट्यावर बसून बघतो. तो कागदांचा उन्हाळा मला प्रिय आहे, पण परत आणावासा वाटत नाही.

सीमेचंही तसंच. त्रिएस्तेच्या माथ्यावर युगोस्लाव्हिया सुरू व्हायचा. तिकडचे लोक बसभरून जीन्स आणि कॉफी घ्यायला इकडे उतरायचे. पुढच्या जूनमध्ये स्लोव्हेनिया वेगळा झाला, आणि २००७ च्या डिसेंबरात तर सीमेवरची तपासणीही उठली. गेल्या काही वर्षांत इटलीने ती पुन्हा सुरू केली आहे. भाची जुलैत परीक्षा संपवून त्रिएस्तेला फिरायला गेली, तेव्हा बसमध्ये पोलिसांनी फक्त तिचा आणि तिच्या हैदराबादच्या मैत्रिणीचा पासपोर्ट तपासला.

तिचा अभिमानही वाटतो. आमच्या तुकडीत मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ती ज्या विद्यापीठात शिकते तिथे गॅलिलिओने अठरा वर्षं शिकवलं; पण फोनवर ती सांगते एलेना कॉर्नारोबद्दल, जिने तिथेच १६७८ साली डॉक्टरेट मिळवली, जगातल्या अशा पहिल्या स्त्रियांपैकी एक.

परत येण्याचा विषय निघाला, तेव्हा मी एकदा तिला गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंचं उदाहरण दिलं. २००४ साली मिलानमध्ये ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँगबरोबर त्यांच्या वारली चित्रांचं प्रदर्शन झालं. त्याआधी-नंतर ते कुठे कुठे जाऊन आले, पण शेवटपर्यंत राहिले आपल्याच गावी. “आम्हीही गेलो आणि आलो,” मी म्हणालो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मामा, तुझं परतीचं तिकीट त्यांनी काढलं होतं. माझे हप्ते युरोत कमावल्याशिवाय फिटायचे नाहीत. आणि तू आलास तेव्हा कॉलेजात जागा भरत होते. आता मला काय मिळेल? तासिका तत्त्व?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या पिढीचं परतणं आम्ही मातीच्या ओढीत जमा करतो. त्यात कायम नोकरीचा वाटा किती, हे आठवणींतून सोयीने गळतं. बोईसर आता मोठं झालंय. बुलेट ट्रेनचं स्टेशन होतंय, पलीकडे वाढवणला बंदर होतंय. भौतिकीची पूर्णवेळ जागा मात्र यात कुठे निघालेली नाही.

आयसीटीपी अजून तिथेच आहे. विकसनशील देशांतल्या तरुणांना ते आजही बोलावतात, बहुतेक कार्यशाळांना शुल्क नसतं, प्रवासाला मदतही मिळू शकते. निवृत्तीला आलो तरी त्यांच्या कार्यशाळांच्या सूचना मी दरवर्षी आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर लावतो. यंदा विभागातल्या, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका तरुणाने अर्ज केलाय. निवड झाली, तर त्याचंही तिकीट परतीचं असेल. तो परत आल्यावर त्याला तास मिळतील की नाही, हे मात्र त्रिएस्तेच्या हातात नाही.