पीएफ राहू द्या

२०२४ साली पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्य घेतलं आणि मला स्वतःच्या पॉइंट टू-टूचं वेड लागलं. चौकहून बाबा म्हणाले, "पीएफ काढतो." मी एक्सेलमध्ये मॉडेल्सची तुलना करत बसलो!

सर हसले. क्लबची जुनीच रायफल शिकंज्यात आवळून त्यांनी एकाच ब्रँडचे दोन लॉट झाडले. दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर. एका लॉटच्या सगळ्या गोळ्या दहात, दुसऱ्याच्या पसरलेल्या. ही काडतुसं घरी भरता येत नाहीत. नळीला मानवेल तो लॉट शोधायचा. मी उगाच रायफलला शिव्या घालत होतो.

चौकच्या पावसात विळीलासुद्धा गंज चढतो. म्हणून निघताना तिच्यावरून तेलाचं फडकं फिरवतो.

बाबांना कळवलं, पीएफ राहू द्या.