झुरिकचे स्टेशन: आधी वेळापत्रक, मग बोगदा

झुरिकच्या मुख्य स्थानकाखालून सील नावाची नदी वाहते. जमिनीवरचे फलाट तिच्या पात्रावर पसरले आहेत आणि भुयारी फलाट पात्राच्याही खाली आहेत. फलाटांच्या रुळांचे क्रमांक 3 पासून 44 पर्यंत जातात, मात्र रूळ 26 च आहेत. मधले आकडे गाळलेले असल्याने नवखा माणूस 19 आणि 20 शोधत फिरतो. 3 ते 18 जमिनीवर, 21 आणि 22 एका बाजूच्या तळघरात, 31 ते 34 व 41 ते 44 वेगवेगळ्या भुयारी स्थानकांत. क्रमांकाच्या पहिल्या अंकावरून कोणत्या जिन्याने उतरायचे ते कळते. ही खूण एकदा डोक्यात बसली की स्थानक सोपे होते.

येथून पहिली गाडी 1847 मध्ये बाडेनला गेली. आजची इमारत 1871 ची, वास्तुरचनाकार याकोब फ्रीडरिश वानर. तिच्या भव्य दालनात पूर्वी रूळ होते; पुढे ते मागे सरकवले गेले आणि मोकळी झालेली जागा माणसांच्या वाट्याला आली. छताला टांगलेली रंगीबेरंगी, स्थूल देवदूत स्त्री निकी द सँ फाल यांची आहे, 1997 मधली. गंभीर इमारतीत ती विजोड दिसते, आणि तेच बरे. बाहेरच्या चौकातला पुतळा रेल्वे उभारणीतले बडे प्रस्थ आल्फ्रेड एशर यांचा. त्यांनीच स्थापन केलेली क्रेडिट स्विस 2023 मध्ये दुसऱ्या बँकेच्या पदरात पडली. रेल्वेचे उत्तम चालले आहे.

जमिनीवरच्या स्थानकाची मोठी अडचण म्हणजे ते शेवटचे स्थानक आहे: गाडी ज्या तोंडाने आत येते त्याच तोंडाने बाहेर पडते. मुंबईत सीएसएमटी पाहिलेल्याला हे सांगावे लागत नाही. यातून सुटका टप्प्याटप्प्याने झाली. भुयारी रेल्वेची योजना मतदारांनी 1973 मध्ये नाकारली, पण उपनगरी गाड्यांची योजना 1981 मध्ये मान्य केली. 1990 मध्ये ती सुरू झाली आणि 41 ते 44 वरून गाड्या आरपार जाऊ लागल्या. नाकारलेल्या योजनेसाठी आधीच खोदून ठेवलेली जागाही वाया गेली नाही. उटलीबेर्ग डोंगरावर जाणारी छोटी गाडी आज तिथूनच, 21-22 वरून सुटते. 2014 मध्ये 31 ते 34 सुरू झाले. जिनिव्हा–सांक्ट गालेनसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना आता येथे तोंड फिरवावे लागत नाही.

गाड्यांची मांडणी मात्र या बांधकामापेक्षा कुतूहलाची आहे. स्विस रेल्वेने 1982 पासून देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडण्याची पद्धत स्वीकारली. मोठ्या स्थानकांत बऱ्याच गाड्या तास भरण्याच्या थोड्या आधी येतात आणि तास भरल्यावर थोड्या वेळाने निघतात, म्हणजे मधल्या मिनिटांत प्रवाशांना गाडी बदलता येते. हे जमण्यासाठी दोन मोठ्या स्थानकांतला प्रवास तासाच्या किंचित आत व्हायला हवा. झुरिक–बर्न प्रवासाला तासाहून जास्त वेळ लागत असे. म्हणून नवा मार्ग बांधला, तो डिसेंबर 2004 मध्ये खुला झाला आणि वेळ 56 मिनिटांवर आली. गाडी आणखी वेगाने नेण्याचा हट्ट कोणी धरला नाही. 45 मिनिटांत पोहोचून जोडगाडीची वाट पाहत बसण्यात अर्थ नव्हता. आधी वेळापत्रक ठरते, मग त्याला लागेल तेवढाच बोगदा खणला जातो.

फलाटावरची घड्याळेही त्याच स्वभावाची. हान्स हिल्फिकर यांनी 1944 मध्ये ती आखली. लाल सेकंदकाटा सुमारे साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पुरी करून बाराच्या खुणेवर थबकतो आणि मुख्य घड्याळाचा विजेचा इशारा आला की मिनिटकाट्यासह पुढे जातो.

फलाटावर जायला फाटक नाही. तिकीट गाडीतच तपासतात आणि विनातिकीट प्रवासाचा दंड चांगलाच झोंबतो. झुरिक परिसरात झोननुसार काढलेले एकच तिकीट उपनगरी गाडी, ट्राम, बस आणि तळ्यातल्या बोटीलाही चालते. नव्याने आलेले मराठी कुटुंब सहसा अर्ध्या दराच्या वार्षिक पासापासून सुरुवात करते, कारण पूर्ण दर रुपयांत मोजला की बाहेर पडावेसे वाटत नाही. दूरच्या प्रवासाचीही सोय आहे: पॅरिसला सुमारे चार तास, मिलान आणि म्युनिकला थेट गाड्या, बर्लिन व व्हिएन्नाला रात्रीच्या.

रविवारी या स्थानकाला वेगळेच महत्त्व येते. शहरातली बहुतेक दुकाने त्या दिवशी बंद असतात. मोठ्या स्थानकांत आणि विमानतळांवर रविवारी दुकाने उघडी ठेवण्याला 2005 च्या सार्वमतात जेमतेम बहुमत मिळाले. त्यामुळे शनिवारी दूध आणायचे राहिले किंवा अचानक पाहुणे आले, की घरातले कोणीतरी पिशवी घेऊन स्टेशनच्या तळघरातल्या दुकानात जाते. संध्याकाळी तिथल्या रांगेत प्रवास न करणारेच पुष्कळ असतात.